चर्च, बाजार आणि कडवे उजवे: अभ्यासवर्तुळात हा विषय मांडायचा असेल तर

पुण्यात पेठेगणिक एक तरी अभ्यासवर्तुळ आहे, आणि अमेरिकेत निवडणूक झाली, नवा पोप आला किंवा ट्रम्प काहीतरी बरळला की तिथे कुणीतरी म्हणतंच की पुढच्या रविवारी त्या 'ख्रिश्चन राईट'वर, म्हणजे धर्माच्या नावाने उजवं राजकारण करणाऱ्या अमेरिकन ख्रिस्त्यांवर, कुणीतरी बोला, आणि मग सगळे जण ज्याने बरेच दिवस काही मांडलेलं नाही त्याच्याकडे बघायला लागतात. तो माणूस तुम्ही असाल तर हे वाचा. नवी पेठेतल्या छोट्या सभागृहांत, कोथरूडच्या सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये वगैरे हा विषय मांडून मांडून मला काय चालतं आणि लोक कुठे मोबाईल काढतात याचा अंदाज आलाय, तोच इथे देतोय.

सगळ्यात आधी प्रश्न ठरवा, विषय नको. 'ख्रिस्ती धर्म, भांडवलशाही आणि उजवं राजकारण' हा विषय घेतलात तर दोन हजार वर्षं बोलत बसावं लागेल. प्रश्न असा घ्या की ज्या धर्मग्रंथात श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं असं लिहिलंय, ज्यात पहिल्या विश्वासणाऱ्यांनी जमीनजुमला विकून ज्याला जेवढी गरज तेवढं वाटून दिलं असं प्रेषितांची कृत्ये सांगतात, तोच ग्रंथ हातात धरून लोक टॅक्स नको, कामगार युनियन नको, सरकारी आरोग्य विमा नको असं कसं काय म्हणायला लागले? एवढा एकच प्रश्न. फळ्यावर लिहून ठेवा म्हणजे तुम्हीही भरकटणार नाही आणि पहिल्या रांगेतले काकाही.

आणि उत्तर लपवून ठेवू नका, सुरुवातीलाच सांगून टाका. माझं उत्तर असं आहे की हे प्रेमलग्न नाही, ठरवून केलेलं आहे. मध्यस्थ कोण होते, बैठक कुठे झाली, खर्च कुणी केला, हे सगळं नावानिशी आणि तारखेनिशी सापडतं. बायबलमधून खुली बाजारपेठ आपोआप निघत नाही आणि खुल्या बाजारपेठेच्या अर्थशास्त्रातून देव तर अजिबातच निघत नाही. दोघांना जवळ आणलं ते एका समान शत्रूने, आणि तो शत्रू म्हणजे टॅक्स घेणारं, नियम लावणारं, आणि पुढे काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवणारं सरकार.

आता हमखास होणारी गोष्ट. तुम्ही तोंड उघडलं की कुणीतरी मॅक्स वेबरचं नाव घेणार. पुण्यात हे टळत नाही. वेबरने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट वृत्ती आणि भांडवलशाही यांचं नातं मांडलं हे बरोबर आहे, पण तो सांगत होता सोळाव्या-सतराव्या शतकातल्या काटकसरी, कामसू, मोक्षाच्या काळजीने ग्रासलेल्या माणसांबद्दल, त्यावरून विसाव्या शतकातल्या टेक्सासमधला पाद्री इन्कम टॅक्सवर का चिडतो ते कळत नाही. दोन वाक्यांत आदराने बोला आणि पुढे चला, नाहीतर पाऊण तास वेबरच चालतो.

सुरुवात नगरपासून करा. हो, आपल्या नगरपासून, आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ पासून नगरला, १८४२ ला 'ज्ञानोदय' सुरू केलं, हे श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. हे मिशन चालवणारं बोर्ड बॉस्टनचं आणि मुख्यतः काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचं. १९०५ मध्ये याच बोर्डाला रॉकफेलरने एक लाख डॉलर दिले आणि त्यावरून पंथात मोठं भांडण पेटलं, कारण ओहायोतला वॉशिंग्टन ग्लॅडन नावाचा याच पंथाचा नावाजलेला पाद्री उभा राहून म्हणाला की हा कलंकित पैसा आहे, तेलाच्या मक्तेदारीत लोकांना पिळून कमावलेला, आपण घ्यायचा नाही. बोर्डाने पैसे ठेवले ते ठेवलेच, ते सोडा. पण बघा, त्या काळात अमेरिकेत पाद्री कामगारांच्या बाजूने बोलतायत, कारखान्यातल्या तासांवर बोलतायत, वॉल्टर राऊशेनबुश हा बॅप्टिस्ट न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करून आल्यावर म्हणतोय की पाप फक्त माणसात नसतं, व्यवस्थेतही असतं. याला सोशल गॉस्पेल म्हणतात. तिकडे रोममध्ये पोप लिओ तेरावे १८९१ मध्येच समाजवादाला विरोध करता करता कामगारांच्या संघटनेचा आणि पोट भरेल इतक्या मजुरीचा हक्क मान्य करून बसलेत. हे सगळं आधी सांगायचं कारण असं की ऐकणाऱ्याच्या मनात धर्म म्हणजे उजवाच असं घट्ट बसलेलं असतं, ते आधी सैल करावं लागतं.

मग तीसचं दशक, आणि इथे वेळ काढा, कारण सगळी गंमत इथे आहे. १९२९ च्या मंदीनंतर उद्योगपतींची इज्जत धुळीला मिळालेली, अध्यक्ष रूझवेल्टचं न्यू डील, म्हणजे सरकारने अर्थव्यवस्थेत उतरून लोकांना आधार द्यायचा कार्यक्रम, आलेलं, १९३५ मध्ये एकाच वर्षात युनियनना कायदेशीर संरक्षण देणारा कायदा आणि सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन योजना असं दोन्ही आलं. नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्स ही कारखानदारांची संघटना भरपूर पैसा ओतून जाहिराती करत होती, पण कारखानदार स्वतःच्या तोंडाने स्वतःची आरती करतोय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? मग लॉस एंजेलिसच्या फर्स्ट काँग्रिगेशनल चर्चचा जेम्स फायफिल्ड हा पाद्री पुढे आला. पंथ बघा, ग्लॅडनचाच. याच्या चर्चमध्ये इतके श्रीमंत यायचे की त्याला लक्षाधीशांचा प्रेषित म्हणायचे. त्याने १९३५ मध्ये 'स्पिरिच्युअल मोबिलायझेशन' नावाची संघटना काढली आणि डिसेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात या कारखानदारांसमोर भाषण ठोकलं, की देशाचं वाटोळं तुम्ही केलेलं नाही, सरकारने केलंय, आणि ते सांगायला आम्ही पाद्री आहोत. टाळ्यांचा कडकडाट.

फायफिल्डचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ती धर्मात तारण एकेकट्याचं होतं, जमावाचं नाही, आणि बाजारातही माणूस एकेकटा उठतो किंवा पडतो, म्हणजे दोन्हींचा गाभा एकच, आणि जे सरकार शेजाऱ्याचा पैसा घेऊन दुसऱ्याला देतं ते 'चोरी करू नको' ही आज्ञा मोडतं आणि वर स्वतःलाच देव समजायला लागतं. ऐकायला जोरदार आहे! मग उंट आणि सुईचं काय करायचं? तर हा माणूस काही बायबलचं अक्षर न् अक्षर खरं मानणारा नव्हताच, तो म्हणायचा बायबल मासा खाल्ल्यासारखं वाचावं, काटे काढून टाकायचे. हे वाक्य नक्की सांगा, लोक हसतात आणि मुद्दा डोक्यात राहतो. कर्मठपणामुळे हे लोक बाजारवाले झाले असं समजणाऱ्यांचा इथे पहिला गैरसमज मोडतो.

पैसा आला सन ऑईल कंपनीच्या जे. हॉवर्ड प्यूकडून आणि त्याच्या ओळखीतल्या तेल, पोलाद, मोटारवाल्यांकडून. म्हणजे १९०५ ला ज्या पंथात तेलाचा पैसा घ्यायचा की नाही यावर रणकंदन झालं, त्याच पंथाचा पाद्री पस्तीस-चाळीस वर्षांनी तेलाच्या पैशावर देशभर जाळं विणतोय. मासिक निघालं, रेडिओ कार्यक्रम निघाला, हजारो पाद्री सभासद झाले, आणि स्वातंत्र्याला असलेल्या धोक्यांवर प्रवचनांची चक्क बक्षीस स्पर्धा. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धेसारखीच, फक्त उत्तेजनार्थ बक्षिसाला सुद्धा तेलाचा वास.

पुढचं भरभर घ्या. शीतयुद्ध आलं, कम्युनिझम नास्तिक म्हणून आपला देश आस्तिक, आणि कम्युनिझम बाजारविरोधी म्हणून आपण बाजारवाले, हे दोन्ही एका दमात म्हणायची सवय लागली. १९५४ ला तिथल्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घुसवला, १९५६ ला 'इन गॉड वी ट्रस्ट' हे अधिकृत ब्रीदवाक्य झालं. बिली ग्रॅहम या नावाजलेल्या धर्मप्रचारकाच्या पुढाकाराने १९५६ मध्ये 'ख्रिश्चॅनिटी टुडे' हे नियतकालिक निघालं, त्यामागेही प्यूचा पैसा. हे सगळे तोवर साधे उजवे, कडवे नव्हे. हा फरक वहीत लिहून ठेवा, पुढे लागतो.

मग दुसरा मुक्काम, सत्तरचं दशक. इथे नव्वद टक्के लोक म्हणतात की १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि पाद्री खवळून राजकारणात उतरले. गोष्ट इतकी सरळ नाही. सदर्न बॅप्टिस्ट या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असं म्हटलं होतं. गर्भपाताचा विरोध तेव्हा मुख्यतः कॅथलिकांचा विषय. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक तारणाच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांचे, नेते आधी पेटले ते शाळांच्या करसवलतीवरून, असं रँडल बाल्मर या इतिहासकाराचं म्हणणं आहे. झालं असं की १९५४ च्या निकालाने सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत फक्त गोऱ्यांसाठी खासगी ख्रिस्ती शाळा धडाधड निघाल्या, धर्मादाय म्हणून त्यांना करसवलत, आणि १९७१ मध्ये मिसिसिपीतल्या काळ्या पालकांच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की भेदभाव करणाऱ्या शाळेला सवलत मिळणार नाही. असाच वर्णभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटी या ख्रिस्ती संस्थेची सवलत १९७६ मध्ये गेली. अध्यक्ष तेव्हा रिपब्लिकन फोर्ड होता, पण शिव्या पडल्या त्याच्यानंतर अध्यक्ष झालेल्या डेमोक्रॅट कार्टरला, जो स्वतः बॅप्टिस्ट आणि रविवारच्या शाळेत शिकवणारा, असो. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात बॉब जोन्स आठ विरुद्ध एक अशी हरली.

बाल्मरशी सगळे इतिहासकार सहमत नाहीत, काहींच्या मते गर्भपाताचा मुद्दा आधीपासूनच तापत होता, आणि हे श्रोत्यांना सांगा, एकच बाजू वाचून आलाय असं वाटायला नको. पण आपल्या प्रश्नासाठी हा करसवलतीचा भाग सोन्यासारखा आहे, कारण इथे तिन्ही धागे एका गाठीत दिसतात. 'सरकारने आमच्या शाळेत नाक खुपसू नये' हे वाक्य पाद्र्याला धर्मस्वातंत्र्य वाटतं, उद्योगपतीला बाजारस्वातंत्र्य वाटतं आणि वर्णभेद्याला तर काय, त्याला जे हवं ते न बोलता मिळतं. फळ्यावर हे एकच वाक्य लिहा आणि तीन बाण काढा. जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाद्र्याचं उदाहरण जोडीला द्या, १९६५ मध्ये हा माणूस प्रवचनात सांगत होता की पाद्र्यांनी मोर्चे काढू नयेत, आपलं काम राजकारण नाही, अर्थात निशाणा मार्टिन ल्यूथर किंगवर, जो स्वतः बॅप्टिस्ट पाद्री. आणि १९७९ मध्ये याच फॉलवेलने 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. त्याला पुढे आणणाऱ्यांत पॉल वेयरिक, ज्याने १९७३ मध्ये बियरवाल्या जोसेफ कूर्सच्या पैशावर हेरिटेज फाउंडेशन ही उजव्यांची अभ्याससंस्था उभारली होती. बियरच्या पैशावर नीतिमत्तेची चळवळ, हे पुण्यात सांगितल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो पाद्र्यांसमोर रेगन म्हणाला की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. 'करू शकत नाही' का, तर १९५४ च्या एका कायद्याने करसवलत घेणाऱ्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नव्हता. पुन्हा करसवलतच! तुमच्या श्रोत्यांत कुणाचा मुलगा डॅलसला असतोच, तेवढ्यात ते मान डोलावतात.

आता एक गोष्ट लोकांना हमखास खटकते आणि खटकायलाच हवी. बाजारवाल्या विचारवंतांत भक्त फार कमी. अर्थशास्त्रज्ञ हायेक अज्ञेयवादी, अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमन धर्मापासून लांब, कादंबरीकार आयन रँड तर धर्माच्या नावाने खडे फोडणारी. हायेकने १९६० मध्ये आपण काँझर्व्हेटिव्ह का नाही यावर सविस्तर लिहिलं. मग यांना चर्च कशाला हवं होतं? माझ्या मते उत्तर कुटुंबात आहे. सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन, बेकारांना भत्ता, एकट्या आईला मदत द्यायची नाही म्हटलं, तर त्या माणसांना सांभाळणार कोण? कुटुंब आणि चर्च. म्हणजे बाजार मोकळा ठेवायचा तर घर घट्ट बांधलेलं हवं, बाईने घर सोडायचं नाही, लग्न मोडायचं नाही, गे-बिये काही चालणार नाही. नीतिमत्तेचा आग्रह आणि सरकारी खर्चात कपात हे वरून वेगळे दिसतात पण एकमेकांची बिलं भरतात. या ठिकाणी सभागृहातल्या बायका एकदम सावरून बसतात, कारण सुनेने नोकरी सोडून सासऱ्यांचं केलं ते कुठल्याच हिशोबात धरत नाहीत हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. दहा मिनिटं इथे राखून ठेवा.

इतकं झालं की अमेरिकेबाहेर पडा, आणि बाहेर पडायचा रस्ता केडगाववरून जातो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठं धार्मिक जागरण झालं, बाया-मुली तासन् तास प्रार्थनेत, रडणं, अनोख्या भाषेत बोलणं, अशा अनुभवांवर उभ्या असलेल्या पेंटेकॉस्टल पंथाच्या जगभरच्या इतिहासात त्याची नोंद आहे. तिथे काम करणाऱ्या मिनी अॅब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपराइसोला आपल्या शिकागोच्या जुन्या मैत्रिणीला, म्हणजे मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवरच्या बायकोला पाठवली. त्या वाचनातून तिकडे १९०९ चं जागरण पेटलं आणि त्यातून चिलीचं मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्च जन्माला आलं. आता पुढे उडी मारा. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीचा लष्करप्रमुख पिनोशे याने समाजवादी अयेंदेचं निवडून आलेलं सरकार उलथवलं, लोक मारले, गायब केले. कॅथलिक कार्डिनल सिल्वा एन्रिकेस त्याच्या विरोधात गेले, १९७६ पासून चर्चचं एक कार्यालयच छळ झालेल्यांच्या घरच्यांसाठी वकील वगैरे पुरवत होतं. आणि पिनोशेच्या बाजूने सांतियागोत राष्ट्रीय प्रार्थनासभा कुणी भरवली, १९७५ पासून? तर त्याच मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्चच्या भल्यामोठ्या मंदिराने. केडगावच्या विधवांनी आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी केलेल्या प्रार्थनेचा एक फाटा सत्तर वर्षांत तिथवर गेला. रमाबाईंचा यात काडीचा दोष नाही, हे स्पष्ट म्हणा, नाहीतर घरी जाताना कुणीतरी 'रमाबाई आणि पिनोशे' असा फॉरवर्ड तयार करेल. मुद्दा उलटा आहे, एकच श्रद्धा केडगावात टाकलेल्या बायकांना उभं करते आणि सांतियागोत हुकूमशहाला आशीर्वाद देते, कारण श्रद्धेला जे सोबती मिळतात त्यावर तिचं राजकारण ठरतं.

चिलीत अजून एक मेख आहे. पिनोशेचं आर्थिक धोरण चालवणारे 'शिकागो बॉईज' आले कुठून, तर चिलीच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीने १९५६ मध्ये शिकागोशी करार केला आणि मुलं फ्रीडमनच्या विभागात शिकायला पाठवली. राज्यघटनेमागचा मुख्य मेंदू हाइमे गुस्मान, कट्टर कॅथलिक. म्हणजे एकाच चर्चचा कार्डिनल छळछावणीतल्या लोकांसाठी वकील शोधतोय आणि त्याच चर्चच्या युनिव्हर्सिटीतली मुलं हुकूमशहाचं बजेट लिहितायत. कॅथलिक असे आणि प्रोटेस्टंट तसे, ही वाटणी इथे पार कोलमडते. पुढचा धागा ब्राझीलला जातो, तिथला उजवा अध्यक्ष झालेल्या बोल्सोनारोचा अर्थमंत्री पाउलो गेदेस शिकागोचा पीएचडी, पिनोशेच्या काळात चिलीत शिकवून आलेला, आणि २०१८ च्या विजयात इव्हँजेलिकल मतांचा मोठा वाटा. आणि योगायोग म्हणजे मे २०२५ मध्ये निवडून आलेला पोप शिकागोचा, आणि त्याने नाव घेतलं लिओ, त्या कामगारवाल्या लिओंची आठवण ठेवून. हे शेवटचं फक्त गंमत म्हणून सांगा, त्यावर सिद्धांत बांधू नका.

उलटी उदाहरणं द्यायला विसरू नका, थोडक्यात का होईना. जर्मनीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षानेच बाजार आणि कल्याणकारी सरकार यांची सांगड घातली. पोलंडच्या लॉ अँड जस्टिस पक्षाचं राजकारण कॅथलिक आणि कडवं उजवं, पण २०१६ मध्ये त्यानेच मुलांमागे महिना ५०० झ्लॉटी सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. हंगेरीत पंतप्रधान असताना ऑर्बान ख्रिस्ती युरोप वाचवतोय म्हणत होता आणि २०१८ मध्ये ओव्हरटाईमची वर्षाची मर्यादा ४०० तासांवर नेली, लोकांनी त्याला गुलामीचा कायदा म्हटलं. अमेरिकेतले काळे प्रोटेस्टंट, बायबल तेच, भजनं त्याहून दणदणीत, मत मात्र बहुतांशी डेमोक्रॅटिक. तिन्ही धागे प्रत्येक ठिकाणी एकत्र येत नाहीत हे दिसलं की 'कुठे येतात आणि का' असा खरा प्रश्न उरतो.

साधे उजवे आणि कडवे उजवे हा फरक आत्ता वापरा. रेगनवाल्यांना सरकार लहान हवं होतं. आजच्या कडव्यांना सरकार मोठंच हवंय, फक्त आपल्या हातात. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पने सगळ्या जगावर टॅरिफ लावले, खुल्या बाजाराच्या पुस्तकातलं पहिलंच पान फाडलं म्हणा, तरी त्याचे इव्हँजेलिकल मतदार काही सोडून गेले नाहीत. मला यातून असं दिसतं की बाजार हा या जोडणीतला भाडेकरू होता, मालक नव्हता. मालक म्हणजे 'आमचा देश आमच्याकडून हिरावला जातोय' ही भावना, ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चाल करून गेलेल्यांच्या हातात क्रूस होते आणि सिनेटच्या सभागृहात उभं राहून त्यांनी येशूच्या नावाने प्रार्थनाही केली, तिथे कुणी टॅक्सचे दर विचारत नव्हतं. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सने आधी आपलं कुटुंब, मग आपला देश, मग बाकीचे असं कॅथलिक शिकवणीचा दाखला देऊन सांगितलं, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन बिशपांना पत्र लिहून चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याची आठवण करून दिली. हे भांडण घरातलंच आहे, ते तसंच दाखवा.

तयारी कशी करायची ते सांगतो. आकडे घेताना 'इव्हँजेलिकल' कुणाला म्हटलंय ते बघा. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये ८१ टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्पला मत दिलं हा आकडा सगळीकडे फिरतो, त्यातला 'गोऱ्या' हा शब्द गाळला की अर्थ बदलतो, शिवाय तिथे माणूस स्वतः म्हणतो तेच धरतात, चर्चला जातो की नाही ते वेगळं. प्यू रिसर्च सेंटरचे आकडे चांगले आणि फुकट असतात, फक्त ते प्यू म्हणजे तेच प्यू, सन ऑईलच्या कुटुंबाने १९४८ मध्ये काढलेल्या ट्रस्टमधून आलेलं, आज ते निःपक्ष काम करतं पण श्रोत्यांना सांगितलंत तर जागे होतात. पैशाचा माग काढायचा तर अमेरिकेत ना-नफा संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो, तो प्रोपब्लिकाच्या साईटवर संस्थेचं नाव टाकून मिळतो, पगार, खर्च, बरंच काही दिसतं. देणगीदारांची नावं मात्र सहसा दिसत नाहीत, आणि चर्चना हा फॉर्म भरावाच लागत नाही, म्हणून काही प्रचारसंस्था स्वतःला चर्च म्हणवून घेतात. घरगुती उदाहरण हवं तर अॅमवे घ्या, १९९८ पासून भारतात आहे, प्रत्येक सोसायटीत कुणीतरी ओळखीचं सापडतं. १९५९ मध्ये मिशिगनच्या दोन डच रिफॉर्म्ड मित्रांनी काढली, त्यातल्या देव्हॉस कुटुंबाचा पैसा रिपब्लिकन पक्षाला आणि ख्रिस्ती काँझर्व्हेटिव्ह संस्थांना जात आला, सून बेट्सी २०१७ मध्ये शिक्षणमंत्री झाली. एका रविवारी एकाने हाच एक फॉर्म शोधून आणायचा, दुसऱ्याने दुसरा, असं वाटून घ्या, नुसत्या व्हिडिओंवर भाषण उभं राहत नाही.

शक्य असेल तर एखाद्या ख्रिस्ती माणसाला आधी भेटा. नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, तिथल्या येशूसंघीयांत, म्हणजे जेझुइटांत, या विषयावर वाचलेले लोक मिळतात, कँपातल्या आणि क्वार्टर गेटच्या चर्चमध्ये मराठी बोलणारे पाद्री आहेत. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडेंनी चहा घेतला तर प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं, आता तेवढी भीती नाही, जा आणि चहा घ्या. पण सभेत कुणी ख्रिस्ती बसला असेल तर टेक्सासचा जाब त्याला विचारू नका. २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती देशात २.३ टक्के, महाराष्ट्रात एका टक्क्याच्याही आत, त्यात नगर-पुण्याकडचे बरेचसे दलित, ज्यांना १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. सत्ता हातात असलेला बहुसंख्याक आणि हा माणूस, दोघांचा धर्म एक म्हणून राजकारण एक होत नाही, आणि विषय समजलाय की नाही याची खरी परीक्षा तुम्ही त्याच्याशी कसं बोलता तिथेच होते.

आणि मग तो प्रश्न येणारच, 'म्हणजे आपल्याकडे पण असंच चाललंय ना?' किंवा त्याच्या उलटा, 'हे सगळं आपल्याकडे बघायला सांगताय का?' आवाज चढायच्या आत शरद जोशींचं नाव काढा. चाकणच्या कांदा आंदोलनापासून हा माणूस शेतकऱ्याला बाजार मोकळा द्या म्हणत होता, जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं समर्थन करत होता, १९९४ मध्ये त्यासाठी पक्ष काढला, आणि त्यात देवाधर्माचा पत्ता नव्हता. पुढे २००४ मध्ये ते भाजप-सेनेच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेले, तेही सांगा, लपवू नका. खुल्या बाजाराचा आग्रह आणि धर्माचं राजकारण आपल्या जिल्ह्यात वेगवेगळे जन्मले, मग जवळ आले का, कधी, कुणाच्या खर्चाने, हे फायफिल्ड आणि प्यूच्या बाबतीत जसं कागद बघून सांगता येतं तसंच कागद बघून सांगावं लागेल. तो वेगळा रविवार ठेवा आणि ज्याने प्रश्न विचारला त्यालाच द्या.

वेळेचं म्हणाल तर दीड तासाचा कार्यक्रम असेल तर बोलणं पन्नास मिनिटं, तीसचं दशक, सत्तरचं दशक आणि चिली यांनाच त्यातला बराचसा वेळ. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवा. 'प्रश्न नाही, दोन मुद्दे मांडतो' म्हणणाऱ्याला चिठ्ठीवर दोन मुद्दे मावत नाहीत आणि हॉलवाला साडेआठला लाईट बंद करतो.